कॅमेरा उभा केव्हा धरावा?



मागच्या अंकाच्या मुखपृष्ठावर मांडूच्या जहाज महालाचे छायाचित्र आपण पाहिले असेल. शाळेच्या सहलीत इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीने ते काढले होते. अंक घरोघरी पोहोचल्यावर पुष्कळांनी कौतुक केले, एका विश्वस्तांचा मुद्दाम फोनही आला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी अंक घेऊन आमच्यातल्या बाईंकडे आली आणि तिने हळूच विचारले, "बाई, यातलं जहाज कुठे गेलं?"

आम्ही अंक पुन्हा उघडला. तिने दिलेला मूळ फोटो आडवा होता. डावीकडून उजवीकडे लांबच लांब पसरलेला महाल, पुढे तलावाचे पाणी, पाण्यात त्याची पडछाया. आमचे मुखपृष्ठ उभे. छपाईला द्यायची घाई होती, म्हणून आम्ही संगणकावर दोन्ही बाजू कापल्या आणि मधला तुकडा ठेवला. उरले काय, तर एक छत्री, दोन-तीन कमानी, थोडे पाणी आणि भरपूर आकाश. जहाज महाल सुमारे १२० मीटर लांब आणि जेमतेम १५ मीटर रुंद आहे. मुंज तलाव आणि कपूर तलाव या दोन पाण्यांच्या मध्ये तो आहे, म्हणून तर त्याला जहाज म्हणतात. त्याची लांबीच काढून टाकली तर उरते ती मांडूतली कोणतीही एक इमारत.

त्या मुलीने पुढे सांगितले ते ऐकून आम्हांला जास्तच वाईट वाटले. महालाची दोन्ही टोके फोटोत मावेनात, म्हणून ती तलावाच्या काठाकाठाने मागे मागे गेली होती. बाकीच्या मुली डबे उघडून बसल्या तरी ती परतली नव्हती. म्हणजे तिने विचार करून चौकट आडवी ठेवली होती आणि आम्ही विचार न करता ती उभी केली. चूक आमची आहे. ती इथे कबूल करतो आणि त्याच निमित्ताने, निसर्गदृश्याचा फोटो काढताना कॅमेरा उभा केव्हा धरावा आणि केव्हा धरू नये, याचा पाठ या अंकात घेतो.

आधी नावांचा एक घोटाळा दूर करू. संगणकावर पान छापायला देताना दोन पर्याय येतात, पोर्ट्रेट आणि लँडस्केप. पोर्ट्रेट म्हणजे उभे, लँडस्केप म्हणजे आडवे. शब्द चित्रकलेतून आले. व्यक्तिचित्र बहुधा उभ्या कागदावर आणि निसर्गदृश्य बहुधा आडव्या कागदावर काढत, त्यावरून कागदाच्या बाजूंनाच ती नावे पडली. त्यामुळे कित्येकांच्या मनात असे बसले आहे की निसर्गदृश्य म्हटले की ते आडवेच असायला हवे. तसा काही नियम नाही.

दुसरी अडचण हाताच्या सवयीची. रोलच्या कॅमेऱ्याच्या दिवसांत कॅमेरा आडवा धरणेच हाताला सोयीचे होते, कारण बटण उजव्या बोटाखाली यायचे आणि दोन्ही कोपरे अंगाला टेकायचे. एका रोलमध्ये फार तर ३६ फोटो, म्हणून उभा-आडवा असे दोन काढून पाहण्याची चैनही नव्हती. परिणामी आपल्या घरांतल्या जुन्या अल्बममध्ये ओंकारेश्वर आडवे, महेश्वर आडवे, पचमढीचे धबधबेसुद्धा आडवे. आता मोबाईल आला. तो हातात उभाच बसतो, एका अंगठ्याने काम होते. मग सगळे उभे! यंदाच्या सहलीचे जे फोटो आमच्याकडे आले त्यांत आडवे शोधावे लागले. पूर्वीचे आडवे आणि आताचे उभे, दोन्ही वेळा निवड डोळ्याने केलेली नाही, मुठीने केलेली आहे.

आणि डोळ्याचे काय? आपले दोन डोळे शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे नजर मुळातच आडवी पसरते. डोके न हलवता डावी-उजवीकडे मिळून सुमारे १८० अंश किंवा त्याहून थोडे जास्त दिसते, वर-खाली मात्र सुमारे १३० अंशच. म्हणून मोकळ्या माळावर उभे राहिले की दृश्य आडवे आहे असे वाटते. पण माळावरून पायवाट निघाली असेल, तर आपण ती कशी पाहतो? आधी पायाजवळची माती, मग पुढचे वळण, मग दूरचे झाड, मग टेकडी, मग ढग. नजर खालून वर चढत जाते. उभी चौकट या पाहण्यासाठी आहे.

मुलांना वर्गात आम्ही असे सांगतो: आडवी चौकट कशाच्या शेजारी काय आहे ते दाखवते, उभी चौकट कशाच्या पुढे काय लागते ते दाखवते. त्यामुळे कॅमेरा उभा करण्याआधी "ही वस्तू उंच आहे का?" असे विचारू नये. "माझ्या पायापासून त्या दूरच्या जागेपर्यंत नजरेला काही वाट आहे का?" असे विचारावे.

मांडूतच याचे एक गमतीदार उदाहरण आहे. तिथली गोरखचिंचेची झाडे आपण पाहिली असतील, ज्यांना तिकडे मांडूची चिंच किंवा खुरासानी इमली म्हणतात. मूळची आफ्रिकेतली ही झाडे. झाड दिसले की मुले लगेच मोबाईल उभा धरतात, कारण झाड म्हणजे उभे. पण गोरखचिंचेचा सगळा डौल तिच्या घेरात आहे. मडक्यासारखे फुगलेले खोड, वर दोन्ही बाजूंना पसरलेल्या आखूड फांद्या. उभ्या चौकटीत ती अवघडून उभी राहिल्यासारखी दिसते आणि वर निम्मे आकाश रिकामे पडते. इथे कॅमेरा आडवा हवा. उलट, रूपमती मंडपावरून खाली निमाडचे मैदान दिसते ते इतके सपाट आणि रुंद, की ते आडवेच घ्यावे असे कोणालाही वाटेल. घ्यावेही. पण मंडपाकडे चढत जाणारा रस्ता, त्याच्या दोन्ही कडांचे दगड आणि शेवटी आभाळाला टेकलेल्या त्या दोन छत्र्या, हा फोटो उभाच चांगला येतो. मंडप काही फार उंच नाही. उंची इथे वाटेतून येते.

महेश्वरच्या घाटाचेही तसेच. नर्मदेचे पात्र रुंद, म्हणून नावेत बसून घाट आणि किल्ला आडव्या चौकटीत घ्यावा. पण किल्ल्याच्या दारातून खाली पाहा. पायाशी झिजलेली पायरी, मग पायऱ्यांमागून पायऱ्या, मग काठाला बांधलेल्या नावा, मग पाणी, आणि पाण्याच्या मध्यभागी बाणेश्वराचे लहानसे देऊळ. एकापुढे एक लागणाऱ्या पाच गोष्टी. आडवी चौकट घेतली तर त्यांतल्या दोन हमखास निसटतात आणि त्यांच्या जागी शेजारची दुकाने येतात!

आता थोडे गणित. दहावीच्या मुलांनी समरूप त्रिकोण केलेले आहेत, त्यांना हे सोपे जाईल. पालकांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे गेले तरी चालेल, पण न ओलांडल्यास बरे.

समजा कॅमेऱ्यातला सेन्सर ३६ मिमी लांब आणि २४ मिमी रुंद आहे. जुन्या रोलच्या एका फोटोचे मापही हेच. लेन्स २४ मिमीची, म्हणजे बऱ्यापैकी रुंद पाहणारी. कॅमेरा जमिनीपासून १५० सेंमी उंच, अगदी सरळ क्षितिजाकडे रोखलेला, वर किंवा खाली न कललेला. आडवा धरला तर सेन्सरची उभी बाजू २४ मिमी, तिचा निम्मा भाग १२ मिमी. १२ ला २४, तसे १५० ला किती? ३००. म्हणजे फोटोतली जमीन आपल्या पायापासून ३ मीटरवर सुरू होते, तिच्या अलीकडचे काहीच येत नाही. आता तोच कॅमेरा उभा धरा. निम्मी बाजू १८ मिमी झाली. १८ ला २४, तसे १५० ला २००. जमीन २ मीटरवर सुरू झाली. जागा न सोडता, लेन्स न बदलता एक मीटर जमीन पदरात पडली. गुडघ्यावर बसून कॅमेरा ६० सेंमी उंचीवर आणला तर ती ८० सेंमीवर येते, म्हणजे समोरच्या दगडावरचे शेवाळसुद्धा दिसू लागते.

पण फुकट काही मिळत नाही. १० मीटर अंतरावर आडव्या चौकटीत १५ मीटर रुंदी मावते, उभ्या चौकटीत १० मीटरच. याच हिशोबाने १२० मीटर लांबीचा जहाज महाल पूर्ण घ्यायला आडवा कॅमेरा घेऊन निदान ८० मीटर मागे जावे लागेल आणि उभा घेऊन १२० मीटर. आपली विद्यार्थिनी तलावाच्या काठाने मागे मागे का गेली, ते आता लक्षात आले असेल. तिने त्रैराशिक मांडले नव्हते, पण तिच्या पायांनी ते सोडवले होते.

जवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही एका फोटोत आले की दोन्ही स्पष्ट येतील का, हा प्रश्न उभा राहतो. मोबाईलचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे तिथे फारशी चिंता नको. मोठा कॅमेरा असेल तर वरच्याच २४ मिमी लेन्सवर एफ ११ ठेवावे आणि फोकस डोंगरावर न करता सुमारे पावणेदोन मीटरवर करावा. मग साधारण ९० सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. डोंगरावर फोकस केला की पुढचा दगड मऊ पडतो, आणि उभ्या फोटोत तो पुढचाच दगड सर्वांत मोठा दिसत असतो.

हे उभ्या चौकटीचे प्रकरण कॅमेऱ्याने सुरू केलेले नाही. चीनमध्ये अकराव्या शतकात कुओ शी नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याचे १०७२ सालचे 'वसंताची चाहूल' हे चित्र तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. रेशमावर शाईने काढलेले, भिंतीवर टांगायचे, सुमारे १५८ सेंमी उंच आणि १०८ सेंमी रुंद. या कुओ शीने डोंगर पाहण्याच्या तीन तऱ्हा सांगून ठेवल्या आहेत. पायथ्याशी उभे राहून शिखराकडे पाहणे ही उंचीची तऱ्हा. डोंगराच्या पुढून त्याच्या मागच्या दऱ्यांत डोकावणे ही खोलीची. जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगरांकडे पाहणे ही सपाटीची. त्याच्या या उभ्या चित्रात तिन्ही आहेत. खाली पाण्याजवळ नावा आणि इवलीशी माणसे, मध्ये धुके आणि वळत गेलेले खडक, वर शिखर. पाहणारा एका जागी उभा राहून ते पाहत नाही, तो त्यात चालत जातो. फोटो काढताना या तीन तऱ्हा आठवाव्यात. पहिल्या दोन बहुधा उभी चौकट मागतात, तिसरी आडवी.

जपानच्या हिरोशिगेची गोष्ट तर आमच्या पाठाला अगदी हवी तशी आहे. एदो, म्हणजे आजचे टोकियो, ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावरच्या ५३ मुक्कामांची चित्रमाला त्याने केली. तिची पहिली आणि सर्वांत गाजलेली आवृत्ती १८३३-३४ च्या सुमारास निघाली. लाकडी ठशांची ही चित्रे आडवी आहेत. प्रवास आहे, माणसे एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जात आहेत, तेव्हा आडवी असणे योग्यच. पुढे आयुष्याच्या शेवटी, १८५६ ते १८५८ या काळात, त्याने एदो शहराच्या प्रसिद्ध स्थळांची चित्रमाला केली आणि ती सगळी उभी केली. नद्या, पूल, बागा, डोंगर, सगळे निसर्गदृश्यच, पण कागद उभा. उभ्या कागदात रुंदी थोडी, म्हणून त्याने एक युक्ती केली. जवळची एखादी वस्तू अगदी डोळ्यापुढे आणून ठेवली आणि तिच्या फटीतून दूरचे दृश्य दाखवले. १८५७ सालच्या कामेइदोच्या बागेच्या चित्रात जर्दाळूच्या जातीच्या एका झाडाची जाड फांदी सगळ्या चित्रावर आडवीतिडवी पसरली आहे, आणि तिच्यापलीकडे कुंपणाजवळ बोटभर उंचीची माणसे फुले पाहत आहेत. हे चित्र व्हॅन गॉगला इतके आवडले की १८८७ मध्ये त्याने तैलरंगात त्याची नक्कल केली. आपल्याकडे चिंच, वड, पिंपळ यांच्या फांद्यांना तोटा नाही. फांदीआडून तलाव, कमानीतून घाट, असे फोटो काढून पाहा.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली, ॲन्सेल ॲडम्सची. १० एप्रिल १९२७ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो योसेमिटीच्या दरीत मित्रांबरोबर बर्फातून वर चढला. पाठीवर लाकडी कॅमेरा आणि साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या बारा काचा. त्या काळी एका काचेवर एकच फोटो. हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर पोहोचेपर्यंत त्याच्याजवळ दोनच काचा राहिल्या होत्या. कॅमेरा उभ्या चौकटीत लावून एक फोटो त्याने पिवळ्या फिल्टरमधून घेतला आणि लगेच त्याच्या लक्षात आले की यात आकाश फिके येणार, कड्याचा धाक उतरणार नाही. शेवटच्या काचेला त्याने गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळे आले आणि कडा अंगावर आल्यासारखा. हा फोटो जगभर गाजला. त्याच ॲडम्सचा तितकाच गाजलेला दुसरा फोटो १९४१ सालचा, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा. तो आडवा आहे. खाली गावाची घरे आणि कबरींवरचे क्रूस एका ओळीत, मागे बर्फाच्या डोंगरांची आणि ढगांची पट्टी. तिथे शेजार महत्त्वाचा होता.

इतके दूर जायला नको, आपल्या इंदूरचेच सांगतो. पुढे राजा दीनदयाळ म्हणून प्रसिद्धीस आलेले लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७० च्या दशकात इथेच फोटो काढू लागले. १८८६ मध्ये निघालेल्या लेपेल ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील वास्तूंवरील ग्रंथात त्यांचे फोटो आहेत. नंतर ते हैदराबादला निजामांकडे गेले. त्यांच्या काळच्या कॅमेऱ्यात मागच्या घासलेल्या काचेवर चित्र उलटे दिसे, डोके खाली, पाय वर. डोक्यावर काळे कापड घेऊन, त्या उलट्या चित्राकडे पाहत, उभे की आडवे ते ठरवावे लागे. ऐकायला अवघड वाटते, पण त्यात एक फायदा होता. उलट्या चित्रात देऊळ देऊळ म्हणून दिसत नाही. कुठे जड, कुठे हलके, कुठे रिकामे एवढेच दिसते. मोबाईलवर काढलेला फोटो उलटा फिरवून पाहा. वरचा रिकामा भाग, जो सरळ फोटोत आकाश म्हणून खपून जातो, तो उलट्यात लगेच खटकतो.

हा रिकामा वरचा भाग उभ्या चौकटीचा सर्वांत मोठा शत्रू. मे महिन्यात माळव्याचे आकाश पांढुरके असते, त्याला फोटोत तिसरा हिस्सासुद्धा देऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये ढग भरून आले की मात्र खुशाल अर्धे द्यावे. ३ ला २ हे कॅमेऱ्याचे प्रमाण उभे धरल्यावर जरा लांबट होते, आणि वरची एक पट्टी कापून ते ५ ला ४ केले की पुष्कळ फोटो सुधारतात. कापण्याचा आम्हांला आता धाक बसला आहे, पण ही कापणी फोटो काढणाऱ्याने स्वतः करायची आहे, संपादकांनी नव्हे.

दुसरा दोष असा की खाली एक चित्र, वर दुसरे चित्र, आणि दोघांना जोडणारे मध्ये काहीच नाही. खाली फुले, वर डोंगर, मध्ये नुसता करडा पट्टा. पाहणाऱ्याची नजर खालीच अडकते. नाला, कुंपण, सावली, गाडीवाट, काहीतरी दुवा शोधावा. नसेल तर दोन पावले डावीकडे-उजवीकडे सरकावे. तरीही नसेल तर तिथे उभा फोटो नाही, असे समजून पुढे जावे.

तिसरे, उंच वस्तू मावत नाही म्हणून कॅमेरा वर कलवणे. राजवाड्याचे सात मजली प्रवेशद्वार समोरच्या गर्दीतून घेताना सगळे हेच करतात आणि मग राजवाडा मागे पडतोय असा दिसतो. कॅमेरा उभा पण सरळ धरावा, शक्य तितके मागे जावे, आणि खाली जास्तीची आलेली सडक नंतर कापावी. झाडांच्या राईत हाच नियम.

एक जोडटीप. उभा कॅमेरा आडव्या फोटोसाठीही उपयोगी पडतो. लांब दृश्याचे पाच-सहा उभे फोटो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घ्यावेत, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा यावा, आणि ते संगणकावर जोडावेत. रुंदीही मिळते, उंचीही.

आता पाताळपाणी. इथे थोडे थांबावे लागेल. डॉ. आंबेडकर नगरजवळचा, चोरल नदीवरचा हा सुमारे ३०० फुटांचा धबधबा आपल्या मुलांच्या फोटोंत दर पावसाळ्यात येतो. उभ्या चौकटीसाठी याहून चांगला धडा जवळपास नाही. वरून सुटणारे पाणी, काळा कडा, खाली डोह, आणि पलीकडच्या काठावर मुंगीएवढी माणसे, ज्यांच्यामुळे उंची कळते. आडव्या चौकटीत तीच जागा दरी म्हणून दिसते, तीही खोटी नाही. आम्ही मुलांना दोन्ही काढायला लावतो. पण उभी चौकट जवळची जमीन मागते, हे वर आम्हीच गणिताने शिकवले. मग मुले त्या जवळच्या जमिनीसाठी कड्याच्या टोकाकडे सरकतात, ओल्या दगडावर बसतात, मोबाईलच्या पडद्यात पाहत पाऊल पुढे टाकतात. जुलै २०११ मध्ये याच जागी सहलीला आलेली माणसे वरून अचानक आलेल्या लोंढ्यात सापडून धबधब्यावरून खाली वाहून गेली आणि त्यांतली काही जिवानिशी गेली. इथे लख्ख ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो, आणि पाणी वाढते ते सांगून वाढत नाही.

म्हणून आमच्या वर्गाचा नियम असा. पावसाळ्यात नदीच्या पात्रात उतरायचे नाही, पाणी घोट्याएवढे असले तरी नाही. कठड्याच्या अलीकडूनच फोटो. जवळची वस्तू हवी असेल तर कठड्याच्या आतले गवत घ्या, एखादे झुडूप घ्या, मित्राची छत्री घ्या. हिरोशिगेची फांदी लक्षात आहे ना? ती बागेतच होती. पडद्यात पाहताना पाय हलवायचा नाही, पाय हलवताना पडद्यात पाहायचे नाही. पालकांनी हे घरीसुद्धा मुलांना बजावावे, आणि स्वतः जाताना स्वतःलाही. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलाने कठड्यावर पाय ठेवला म्हणून आम्ही त्या दिवसाचे फोटो काढणे बंद करून सगळ्यांना बसमध्ये बसवले. मुले रुसली. एका पालकांनी आम्हांला अतिरेकी म्हटले. असो.

ज्यांच्या घरी कॅमेरा किंवा चांगला मोबाईल नाही अशी मुले आपल्या शाळेत आहेत, त्यांनी मागे राहायचे कारण नाही. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, त्यात १२ सेंमी बाय ८ सेंमीची खिडकी कापा. एक डोळा मिटून त्यातून पाहा, आधी आडवी, मग उभी. खिडकी डोळ्याजवळ आणली की रुंद लेन्स, हात लांब केला की झूम. आम्ही सहावीच्या मुलांना शाळेच्या आवारात असे पाऊण तास फिरवले. परत आल्यावर प्रत्येकाने आपल्याला सापडलेली एक उभी चौकट वहीत काढली. एकाने पाण्याच्या टाकीपासून नळापर्यंत आलेल्या शेवाळाची रेघ काढली होती, तळाशी नळाखाली ठेवलेली बादली. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता, पण निसर्गदृश्यासाठी जे पाहावे लागते ते त्याने पाहिले होते. आपल्या गावचे चित्रकार विष्णु चिंचाळकर गुरुजी वाळक्या पानांत आणि काटक्यांत चेहरे शोधत, ते हेच काम होते.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. सभागृहातल्या काचेच्या चौकटी सगळ्या एकाच मापाच्या आणि आडव्या आहेत. त्यांत बसावेत म्हणून मुलांचे उभे फोटो आजवर कापले गेले, जसा आम्ही आडवा कापला. पुढील प्रदर्शनासाठी निदान निम्म्या चौकटी भिंतीवर फिरवून टांगता येतील अशा, म्हणजे दोन्ही बाजूंना कडी असलेल्या, करून घ्याव्यात. सुताराचे काम फार नाही.

दिवाळी अंकासाठी इयत्ता पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांकडून निसर्गदृश्ये मागवीत आहोत. एकाच जागेवरून एक आडवे आणि एक उभे, अशी जोडी द्यावी, आणि दोहोंतले कोणते आपल्याला पसंत व का, ते चार-पाच ओळींत आपल्या अक्षरात लिहावे. कारण पटले नाही तरी चालेल, पण कारण हवे. फोटो न कापता, मूळ आकारात द्यावेत. खिडकीतून पाहून वहीत काढलेली चित्रेही चालतील.

जहाज महालाचे ते छायाचित्र या अंकाच्या मलपृष्ठावर, दोन्ही टोकांसकट, पुन्हा छापले आहे. आमचे पान अजूनही उभेच आहे, त्यामुळे ते पाहताना अंक आडवा धरावा लागेल.